वड्याचं तेल वांग्यावर निघू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा 33 वर्षांचा आहे, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तो लिहितो: "शेजारचे निवृत्त काका रोज संध्याकाळी साडेसातला येतात आणि तासभर बसतात. कामावर एक सहकारी सगळ्यांसमोर माझ्या चुका काढतो. आत्या प्रत्येक कार्यक्रमात पगार विचारते आणि स्वतःच्या मुलाचा सांगते. मी कुणालाच काही बोलत नाही. मग घरी बायकोवर आणि सहा वर्षांच्या मुलीवर ओरडतो. परवा मी घरात शिरलो आणि मुलगी खेळ उचलून आत निघून गेली. अशा लोकांशी वागायचं कसं? की दोष माझ्यातच आहे?"

तुमच्या प्रश्नात त्रास देणारी तीन माणसं आहेत, पण वाचताना मी थांबले ते मुलीच्या वाक्यापाशी. तुम्ही चिडलाय हे काकांना माहीत नाही, सहकाऱ्याला नाही, आत्याला तर नाहीच. ते फक्त त्या सहा वर्षांच्या पोरीला माहीत आहे. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. त्रासदायक माणसांना कसं सुधारायचं, हे आपल्या हातात फार थोडं असतं. ज्याचा राग आहे त्याच्यापर्यंत तो कसा पोचवायचा, आणि तोही लहान असतानाच, हे मात्र शिकता येतं. मी माझं सगळं कामाचं आयुष्य हेच शिकण्यात आणि शिकवण्यात घालवलं आहे.

मी 26 वर्षं सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी होते. माझ्या नोकरीच्या काळात 1948 चा कारखाने कायदा लागू होता आणि 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला असा अधिकारी ठेवावाच लागायचा. कागदावर माझं काम कॅन्टीन, पाळणाघर, प्रथमोपचार, विश्रांतीची जागा असं होतं. प्रत्यक्षात केबिनचं दार उघडून येणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाबद्दल बोलायला आलेला असायचा. "मॅडम, मला त्याच्या शेजारचं मशीन नको." "ती डबा उघडला की माझ्या भाजीला नाव ठेवते." निवृत्त झाल्यावर सोसायटीतले, नात्यातले असेच वाद माझ्याकडे येत राहिले. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. माणसांना एका टेबलाशी बसवण्याचं काम मी केलंय, आणि जे सांगते ते त्यातून सांगते.

एक प्रसंग सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. एका सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, फर्स्ट शिफ्टला एक जण असायचा, सेकंडला दुसरा. दुसऱ्याची तक्रार अशी की पहिला मशीन कधीच साफ करून देत नाही. धातूच्या चिप्सचा ढीग तसाच, मशीन थंड ठेवणारं कूलंट सांडलेलं, पाना जागेवर नाही. "मुद्दाम करतो मॅडम. मला छळायला करतो." आठ महिने दोघांत बोलणं बंद होतं. शिफ्ट बदलताना एकमेकांकडे बघायचेही नाहीत. मी दोन दिवस त्या वेळेला शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, जाऊन नुसती उभी राहिले. दिसलं असं की पहिल्याचे पीस शेवटच्या मिनिटापर्यंत मोजले जात होते, आणि दिंडोरी रोडकडे जाणारी कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटांत निघायची. बस चुकली तर पुढे दोन ठिकाणी वाहन बदलून घर. मशीन साफ करायला वेळ कोणी धरलाच नव्हता. दुसरा सिडकोत राहायचा आणि मोटारसायकलने यायचा. बस हा विषय त्याच्या आयुष्यातच नव्हता. सुपरवायझरशी बोलून मोजणी दहा मिनिटं आधी बंद करून घेतली आणि त्या आठवड्यापासून मशीन साफ मिळू लागलं. ते दोघं पुढे मित्र झाले नाहीत, पण तक्रार संपली.

आपण नाशिकच्या द्वारका चौकात अडकून उशिरा पोचलो की म्हणतो, ट्रॅफिक होतं. दुसरा उशिरा आला की म्हणतो, बेफिकीर आहे. स्वतःच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला दिसते, दुसऱ्याच्या वागण्यामागे मात्र आपण थेट स्वभाव शोधतो. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1977 साली माणसाच्या या चुकीला नाव देऊन ती मांडली. मला ते नाव फार नंतर कळलं, पण चूक मी शॉपवर रोज बघत होते.

याचा अर्थ मुद्दाम त्रास कुणीच देत नाही, असा अजिबात नाही. देतात. मी बघितले आहेत. बढतीच्या वेळी शेजारच्याचं मोजमापाचं गेज लपवणारा माणूसही माझ्यासमोर बसलाय. प्रश्न एवढाच आहे की मुद्दाम आहे की नकळत, हे ओळखायचं कसं. माझी कसोटी साधी आहे: त्या माणसाला एकदा, स्पष्ट, एकट्यात सांगितलंय का? सांगितल्यावर बदल झाला तर त्याला माहीत नव्हतं. सांगूनही तेच चालू राहिलं तर आता त्याला माहीत आहे, आणि आपली पुढची पावलं वेगळी. पण जोवर सांगितलेलं नाही, तोवर आपल्याकडे काहीच पुरावा नसतो. तुम्ही तिघांपैकी एकालाही सांगितलेलं नाही.

नकळत त्रास देणं किती सहज होतं, याचं उदाहरण मी स्वतः आहे. आमच्या ऑफिसात एक मावशी होत्या. निवृत्तीच्या दिवशी निरोप घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू का? तुम्ही माझं बोलणं कधी पुरं होऊ दिलं नाही." बारा वर्षं आम्ही एका खोलीत बसलो होतो. मी समोरच्याचं वाक्य तोडून स्वतः पुरं करते, हे मला खरंच माहीत नव्हतं. त्या बारा वर्षांत त्यांनी ते एकदा जरी सांगितलं असतं, तरी पुढची वर्षं त्यांना सुखाची गेली असती आणि मलाही. आजही कुणाचं ऐकताना मी त्यांची आठवण काढून थांबते.

आता तुम्ही काय करायचं. आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे घडलं ते, आणि फक्त सीसीटीव्हीत दिसलं असतं किंवा ऐकू आलं असतं तेवढंच. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. "काका साडेसातला आले, साडेआठला गेले, मी तीनदा घड्याळाकडे बघितलं" हे डावीकडे. "यांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही" हे उजवीकडे. माझ्या केबिनमध्ये मी तक्रार करायला आलेल्या प्रत्येकाला असा कागद द्यायचे. बहुतेकांचं पहिलं पान पूर्ण उजवीकडेच भरायचं आणि डावी बाजू कोरी राहायची. "तो अॅटिट्यूड दाखवतो" असं लिहायचे. मी विचारायचे, म्हणजे नेमकं काय करतो? हात काय करतात, तोंड काय बोलतं? मग बराच वेळ शांतता. उत्तर मिळालं की वाद निम्म्यावर यायचा, कारण माणूस बदला ही मागणी कुणाला करता येत नाही, "शिफ्ट सुटताना पाना खुंटीला लावा" ही करता येते.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. वेळ लिहा, आणि त्या दिवशी जेवलात केव्हा, झोप किती झाली तेही लिहा. नाईट शिफ्ट करून आलेल्या माणसाला शेजारच्या मिक्सरचा आवाजही वैर वाटतो, हे मी शेकड्यांनी बघितलंय. तुमच्या शिफ्ट बदलत असतील तर कदाचित दिसेल की काका तेच, तासही तोच, पण एका आठवड्यात ते सहन होतात आणि दुसऱ्यात होत नाहीत. तसं निघालं तर उपाय काकांवर करायचा नाही.

काकांचा विषय मी जरा लांबवणार आहे, कारण तिघांत तोच सगळ्यात सुटण्यासारखा आहे आणि घरावर त्याचाच ताण जास्त आहे. साडेसात ही तुमच्या घराची नेमकी वेळ. तुम्ही नुकतेच आलेले, स्वयंपाक चालू, मुलीला तुमच्याशी बोलायचंय. काकांच्या घरात काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. काकू आहेत का, मुलं बाहेरगावी आहेत का? मला अंदाजाने काही म्हणायचं नाही, पण रोज एकाच वेळी कुणाच्या तरी दारात जाणाऱ्या माणसाला ती वेळ स्वतःच्या घरात काढणं जड जात असेल, ही शक्यता धरून बोलावं.

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला "आत्ता नको" म्हणणं फार कठीण वाटतं. म्हणून आपण तीन गोष्टी करतो. आवाज कमी करून आपण घरी नसल्याचं दाखवतो, किंवा खोटं कारण सांगतो, किंवा दार उघडून तोंड पाडून बसतो. तिन्हींनी काम होत नाही. खोटं कारण तर सगळ्यात वाईट, कारण कारण संपलं की माणूस परत येतो. "पाहुणे येणारेत" म्हटलं की उद्या काका विचारणार, पाहुणे गेले का?

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे चार दिवस टाळणं आणि पाचव्या दिवशी कंटाळून "या, बसा" म्हणणं. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कबुतरं आणि उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या प्राण्याचा दाणा बंद केला की तो लवकर कळ सोडतो. ज्याला मधूनच कधीतरी दाणा मिळत होता, तो मात्र दाणा बंद झाल्यावरही खूप वेळ कळ दाबत राहतो. काका काही कबुतर नव्हेत, पण मधूनच उघडणाऱ्या दाराचा माणसावरही असाच परिणाम होतो. तुम्ही टाळताय हे त्यांना कळत नाही. कधी दार उघडतं, कधी नाही, एवढंच कळतं. म्हणून जे ठरवाल ते रोज तेच.

दारातच, उभ्यानेच, हसून, पण खोटं कारण न देता सांगा: "काका, संध्याकाळचा हा वेळ मी आता मुलीसाठी ठेवलाय. आपण रविवारी सकाळी मिसळ खायला जाऊ, निवांत बोलू." आणि रविवारी खरंच जा. हा दुसरा भाग सोडलात तर पहिला निष्ठुर होतो. सोसायटीत आणखी कुणी निवृत्त असतील, जवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल, जॉगिंग ट्रॅकवर सकाळचा एखादा गट असेल, तर तिथे एकदा स्वतः नेऊन ओळख करून द्या. आमच्या सोसायटीतल्या एका आजींसाठी मी हे केलं होतं. त्या दर दुपारी एका नव्या सुनेच्या घरी जाऊन बसायच्या आणि तिच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायच्या. त्या सुनेला डब्यांचा राग होता. आजींना डब्यांत काही रस नव्हता, हात मोकळे राहिले की त्यांना अस्वस्थ व्हायचं. सुनेने भाजी निवडायला दिली आणि डबे उघडणं थांबलं. पुढे भजनी मंडळ मिळालं तेव्हा दुपारची फेरीही आठवड्यातून एकदावर आली.

पहिले सात-आठ दिवस काका जास्त वेळा येतील, कदाचित रुसतील. "आता तुम्हाला आमचं येणं नको झालं" असंही म्हणतील. तेव्हा समजूत घालत बसू नका आणि माघारही घेऊ नका. तेच वाक्य, त्याच आवाजात. बायकोलाही तेच वाक्य सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही नसताना दार उघडेल आणि वाईटपणा एकट्या तुमच्याकडे येईल.

आता सहकारी. इथे मात्र "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं मला प्रामाणिकपणे म्हणावं लागेल, आणि का ते सांगताना माझी एक मोठी चूक सांगावी लागेल. एक कंत्राटी मुलगा माझ्याकडे आला होता. सुपरवायझर त्याच्या बोलीवरून सगळ्यांत त्याची नक्कल करायचा. मी त्याला सांगितलं, समोर जाऊन स्पष्ट बोल. तो बोलला, चांगल्या शब्दांत बोलला. पुढच्या महिन्यात त्याला ब्रेक मिळाला, म्हणजे कामावरून कमी केलं. कारण दुसरंच लिहिलं होतं. मी धडपड केली, पण त्याला परत आणू शकले नाही. घरात तो एकटा कमावता होता. त्या दिवसापासून मी कुणालाही "स्पष्ट बोल" असं सांगण्याआधी विचारते: कोणाची भाकरी कोणाच्या हातात आहे? बरोबरीच्या माणसाशी बोलायची रीत वेगळी आणि ज्याच्या सहीवर आपली नोकरी आहे त्याच्याशी बोलायची वेगळी. दुसऱ्या बाबतीत आधी नोंदी, मग सोबतीला कुणीतरी, मग लेखी, हा क्रम. तुमचा सहकारी बरोबरीचा आहे असं धरून पुढचं लिहिते. नसेल तर पुढचे दोन परिच्छेद वापरू नका.

आधी एक वेगळं करून घ्या: तो काढतो त्या चुका खऱ्या असतात का? क्वालिटीत काम करता, तेव्हा हा प्रश्न तुम्ही दुसऱ्यांच्या कामाला रोज विचारता. चूक खरी आणि रीत वाईट असेल तर फक्त रीतीबद्दल बोला आणि चूक मोकळेपणाने कबूल करा. चूक खोटी असेल तर रीतीवर बोलूच नका, रिपोर्ट समोर ठेवा. या दोन गोष्टी एकत्र केल्या की समोरचा म्हणतो, "याला चूक दाखवलेली आवडत नाही," आणि ऐकणाऱ्यांना ते पटतं.

बोलायचं एकट्यात. चहाच्या वेळी नको, तिथे चार कान असतात. शिफ्ट सुटताना तर नकोच. आणि एकाच ताज्या प्रसंगाबद्दल. "तू नेहमीच असं करतोस" हे वाक्य उच्चारलं की संपलं, तो न केलेला एक दिवस शोधून दाखवणार. असं बोलून बघा: "मंगळवारी मीटिंगमध्ये तू माझ्या रिपोर्टमधली चूक सगळ्यांसमोर सांगितलीस. चूक बरोबर होती. पण त्यानंतर लाइनवरचे लोक माझं रिजेक्शन ऐकेनासे झाले. पुढच्या वेळी आधी मला सांग, मी लगेच दुरुस्त करतो." घडलं काय, त्याने झालं काय, पुढे हवं काय. एवढं बोलून थांबा. शांतता पडली तर ती भरून काढायला "म्हणजे तसं काही नाही रे" म्हणू नका. माझ्यासमोर झालेल्या कितीतरी चांगल्या बोलण्यांवर शेवटच्या या एका वाक्याने पाणी पडलंय. व्हॉट्सअॅपवर हे कधीच लिहू नका. लिहिलेल्याला आवाज नसतो, आणि स्क्रीनशॉट कुठवर जाईल सांगता येत नाही.

दोनदा सांगूनही तो थांबला नाही तर तुमच्या वहीची डावी बाजू घेऊन वरिष्ठांकडे जा. फक्त डावी.

आत्याचं थोडक्यात. वर्षातून चार-पाच वेळा भेटणाऱ्या माणसासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. दर वेळी तेच, बेचव, छोटं उत्तर द्या: "चाललंय आत्या, तुझ्या आशीर्वादाने." आणि लगेच तिच्या गुडघ्याचं, तिच्या तब्येतीचं विचारा, मनापासून विचारा. आकडा सांगू नका, चिडू नका, आतेभावाच्या पगाराला खोचक उत्तर देऊ नका. वाद घालणारं उत्तर पुढच्या लग्नापर्यंत नातेवाइकांत फिरतं, बेचव उत्तर मांडवातच विरून जातं. एक मात्र सांगते: उद्या तुमच्या आईने किंवा आत्याने असंच काही तुमच्या बायकोला विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं. आपल्या घरच्या माणसाला आपणच सांगायचं असतं. सुनेने सांगितलं की त्याचा अर्थ दुसरा लावला जातो.

सगळाच त्रास अशा बोलण्याने सुटत नाही, आणि सगळा सहनही करायचा नसतो. जिथे नियम आहे तिथे स्वभावाची चर्चा करू नये. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लाउडस्पीकर चालू असेल तर एकदा सांगावं आणि नाही ऐकलं तर 112 ला फोन करावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. पार्किंगसाठी सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आणि जो त्रास अंगावर येतो, धमकीचा असतो, स्पर्शाचा किंवा अश्लील बोलण्याचा असतो, त्याला "त्रासदायक माणूस" हा शब्दच वापरू नये. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. 10 किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तुमच्या घरातल्या, ऑफिसातल्या स्त्रियांना हे माहीत असू द्या. माझ्याकडे किती तरी जणी ती मुदत उलटून गेल्यावर आल्या, कारण त्यांना कुणीतरी "दुर्लक्ष कर" सांगितलं होतं. मुदत आणखी तीन महिने वाढवण्याचा अधिकार समितीला असतो, पण त्यासाठी उशिराचं कारण पटवावं लागतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दोष माझ्यातच आहे का. दोष हा शब्द मी वापरणार नाही. पण वहीच्या उजव्या बाजूला एक शब्द शोधा: "पाहिजे". "त्यांना कळायला पाहिजे." "आत्याने विचारायलाच नको पाहिजे." अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा मोठा भाग या एका शब्दाभोवती आहे. समोरच्याने असंच वागलं पाहिजे, हा आपला हट्ट असतो, आणि तो मोडला की साधी नाराजी संतापात बदलते. "पाहिजे" खोडून तिथे "असतं तर बरं झालं असतं" लिहून बघा. "काकांना माझी वेळ कळली असती तर बरं झालं असतं." खरं तेच राहतं, त्रासही राहतो, पण छातीतली धग उतरते. मी हे कामगारांकडून करून घ्यायचे तेव्हा सुरुवातीला त्यांना शब्दांचा खेळ वाटायचा. दहा-बारा वाक्यं लिहून झाली की मान खाली घालून गप्प बसायचे.

एक समज काढून टाकायला हवा, कारण तो घराघरात आहे: राग बाहेर काढला की माणूस मोकळा होतो. 2002 साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. चिडवलेल्या काही लोकांना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे नंतर जास्त रागात होते. बायकोसमोर रोज ऑफिसचा पाढा वाचणं हाही ठोसाच आहे. तिला एकदा नीट सांगा, तुम्ही काय करणार आहात तेही सांगा, आणि मग रोज तोच पाढा नको.

त्याऐवजी ऑफिस आणि घर यांच्यामध्ये दहा मिनिटांची फट ठेवा. शिफ्ट सुटली की थेट घर असं तुमचं होत असणार, अंतरही जास्त नाही. पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणीचा पायथा जवळ आहे. तिथे गाडी लावा, फोन खिशात ठेवा, थोडं चाला. वही असेल तर डावी-उजवी बाजू तिथेच लिहा, घरी नेऊ नका. पावसाळ्यात तिथे जमलं नाही तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढून पाच मिनिटं नुसते बसा. मी सातपूरहून घरी येताना वर्षानुवर्षं असंच करायचे, एका ठरलेल्या झाडाखाली. दहा मिनिटांत राग जात नाही. पण तो कुणाचा आहे ते आठवतं.

हे सगळं करूनही एखाद महिन्यात फरक दिसला नाही, झोप लागत नसेल, कशावरही भडका उडत असेल, हात उगारावासा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड तपासून घ्या. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. माझ्याकडे येऊन रडलेले फोरमन मी बघितलेत, आणि त्यातल्या एकालाही मी दुबळा म्हटलेलं नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. वही आजपासून. काकांचं वाक्य येत्या सोमवारी, पण त्याआधी रविवारची मिसळ एकदा होऊन जाऊ द्या, म्हणजे दिलेला शब्द त्यांना पोकळ वाटणार नाही. सहकाऱ्याशी बोलणं वहीचे पंधरा दिवस झाल्यावर. आत्या पुढच्या लग्नसराईत.

पण मुलीचं थांबवू नका, ते आज रात्रीच. ती जागी असताना तिच्या शेजारी जमिनीवर बसा. उभं राहून बोलू नका. तिला म्हणा, "परवा बाबा ओरडला ना, तू काही केलं नव्हतंस." काका, ऑफिस, यातलं काही सांगू नका, आणि "पण तू पसारा केला होतास" हेही जोडू नका. ती कदाचित काहीच बोलणार नाही, खेळत राहील. तुम्ही उठू नका, तिच्यापाशी बसून राहा.